बहिणीच्या कॉयरबरोबर सातारा ते सांगली

सातारा ते सांगली हा रस्ता मी इतक्या वेळा केला आहे, की त्याचं प्रवासवर्णन लिहिण्याची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं. पण गेल्या जानेवारीत हाच रस्ता मी सदतीस जर्मन माणसांबरोबर एका बसमधून केला. मी सांगलीजवळच्या कुपवाडच्या एका फौंड्रीत हिशेब बघतो, वय पन्नास, स्वभाव भित्रा. चार दिवस मी सारखी माणसं मोजत होतो. का, ते पुढं कळेल.

शुभांगी माझी धाकटी बहीण. उत्तर जर्मनीतल्या एका लहान शहरात ती तिथल्या कॉयरची आणि वाद्यवृंदाची कंडक्टर आहे. म्हणजे गाणारे आणि वाजवणारे समोर उभे असतात आणि ही हातानं त्यांना चालवते. आमच्या गावात, उंब्रजमध्ये, हे समजावून सांगता सांगता आमची अर्धी हयात गेली. शेजारचे तात्या अजून विचारतात, "नुस्तं हात हलवायचा पगार देत्यात व्हय रं?" मी हो म्हणतो. "मग आमच्या ट्रॅफिक पोलिसानं काय घोडं मारलंय?"

तिनं यंदा ठरवलं, की आपला कॉयर आपल्या मुलखात आणायचा. गाडी, खोल्या, जेवण, पाणी हे सगळं अर्थातच माझ्याकडं आलं.

सातारा

पाहुणे पुण्याहून दुपारी पोचले. बत्तीस गाणारे, पाच व्हायोलिन-चेलोवाले. उतरताना मी मोजत होतो आणि धसकत होतो. सदतीसांतले निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे. एकीच्या गुडघ्याला पट्टा, एकाच्या कानात यंत्र. हॉटेलची लिफ्ट त्याच दिवशी बंद पडली होती. मॅनेजर म्हणाला, "साहेब, तासाभरात हुईल." साताऱ्यात तास किती मिनिटांचा असतो हे मला माहीत आहे, म्हणून मी दोन पोरांना बॅगा उचलायला लावलं. म्हाताऱ्यांनी मात्र बॅगा पोरांच्या हातून काढून घेतल्या आणि स्वतःच तीन मजले चढले. आपलं ओझं दुसऱ्यानं उचललं तर त्यांना अपमान वाटतो. आमच्याकडं नाही उचललं तर वाटतो.

कॉयरच्या अध्यक्षा गुड्रून नावाच्या बाई. औषधांचं दुकान चालवून निवृत्त झालेल्या, उंच, पांढरे केस बारीक कापलेले. त्यांनी पहिला कंदी पेढा अर्धा खाल्ला, थांबल्या, मग शुभांगीकरवी विचारलं, की याला किती दूध लागतं. मी सांगितलेला आकडा ऐकून उरलेला अर्धा त्यांनी फार सावकाश, मान दिल्यासारखा खाल्ला.

दुसरा ओळख करून देण्यासारखा माणूस म्हणजे डीटर. पूल बांधणारा इंजिनिअर, आता निवृत्त, पुरुषांतल्या वरच्या सुरात गाणारा. तो कमी बोलायचा. बसच्या टायरांकडं त्यानं वाकून पाहिलं आणि ड्रायव्हर बाळूला अंगठा दाखवला. बाळू मला हळूच म्हणाला, "ह्ये म्हातारं आरटीओचं हाय का काय?"

संध्याकाळी शुभांगी आणि मी टेकडीवरच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत चालत गेलो. खाली शहरात दिवे लागत होते. ती कठड्यावर टेकली. मग म्हणाली, "दादा, रविवारी सकाळी माझं मतदान आहे."

मला वाटलं, तिथली कुठली तरी निवडणूक. पण ते तसं नव्हतं. तिचा कॉयर म्हणजे एक नोंदणी केलेली संस्था. गाणारे वर्गणी भरतात आणि तेच कंडक्टर नेमतात. पहिला करार तीन वर्षांचा, आणि तो पुढं चालवायचा तर दोन तृतीयांश मतं हवीत. यंदा सगळे सभासद एकत्र असतील ते या दौऱ्यातच, म्हणून मतदान इथंच उरकायचं ठरलं होतं.

"म्हणजे शिष्यांनी गुरू नेमायचा?" मी विचारलं.

"नेमायचा आणि काढायचासुद्धा."

"वाजवणाऱ्यांना मत?"

"नाही. फक्त गाणाऱ्यांना."

बत्तीसांचे दोन तृतीयांश म्हणजे बावीस हवेत. अकरा जण फिरले की संपलं. हे गणित माझ्या डोक्यात उतरायला खालचा एक दिवा लागण्याइतकाही वेळ लागला नाही. "विरोधात कोण?"

"डीटर. त्याच्याबरोबर दहा-बारा तरी असतील."

"कशासाठी?"

"मी तालमीत पियानो वाजवू देत नाही. पियानो असला की सगळे त्याला टेकून गातात. मी टेकू काढून घेतला. त्यांना ते आवडत नाही. म्हणतात, आम्ही दिवसभर काम करून मजेसाठी येतो, ही आम्हाला परीक्षेला बसवते."

"मग देऊन टाक की पियानो."

ती माझ्याकडं बघून हसली, पण ते हसू नव्हतं. नोकरी गेली तर तिथं राहण्याचा परवानाही अडचणीत, कारण तो या नोकरीशी बांधलेला. आता ती एक्केचाळीस वर्षांची. अशा जागा मोजक्या आणि एकेका जागेला मोठी रांग.

"आणि परत आलीस तर?" मी विचारलं. विचारताना मलाच कळेना, की मला कुठलं उत्तर हवं आहे.

"परत येऊन कुणाला शिकवू, दादा? आपल्याकडं एकटा गातो, बाकीचे त्याच्यामागं धरतात. चार जणांनी चार वेगवेगळे सूर एकदम गायचे ही रीतच नाही. माझं काम त्या रीतीवर चालतं."

परत येताना ती पुढं चालत होती. मी मागून तिच्या पाठीकडं बघत राहिलो.

उंब्रज

सकाळी बस निघाली. उसाचा हंगाम जोरात होता आणि महामार्गावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर डुलत चालले होते. पाहुणे खिडकीतून फोटो काढत होते. मी ट्रॉलीच्या मागच्या दोरखंडाकडं बघत होतो. बाळू मात्र निवांत. "आवं साहेब, उसाची ट्रॉली पडायची आसंल तर आधी सांगून पडती."

उंब्रजला आमचे वडील, आप्पा, असतात. वय अठ्ठ्याहत्तर. ते फौजेच्या बँडमध्ये होते, बँड हवालदार म्हणून निवृत्त झाले. शुभांगीची गोष्ट तिथूनच सुरू होते. आप्पांनी घराच्या फरशीवर खडूनं पाच रेघा ओढून तिला स्वरलिपी शिकवली, तेव्हा ती दुसरीत होती. माझ्यासाठीही ओढल्या होत्या, पण मी त्या रेघांवर पाढे लिहिले. पुढं ती कॉलेजला सांगलीत आली, मिरजेत एका चर्चच्या कॉयरमध्ये रविवारी गायला जायला लागली, पुण्यात पियानो शिकली आणि चोविसाव्या वर्षी जर्मनीला गेली. तिथल्या प्रवेशपरीक्षेत दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा पास झाली ते तिनं आम्हाला आठवड्यानं कळवलं, कारण तिचाच विश्वास बसत नव्हता. नंतरची बरीच वर्षं एका मोठ्या शहरात दुसऱ्याच्या हाताखाली, दरवर्षी नवा करार. दरवर्षी मे महिन्यात तिचा फोन येईपर्यंत घरात कुणी धड जेवायचं नाही. या लहान शहरात ती स्वतःच्या नावानं उभी राहिली, त्याला आता तीन वर्षं होत होती.

आप्पांनी निवृत्तीनंतर गावातल्या आणि आजूबाजूच्या माजी सैनिकांचा बँड काढला. नऊ माणसं. झेंडावंदनाला वाजवतात, कुणा जवानाला निरोप द्यायचा असेल तर वाजवतात, लग्नाला वाजवत नाहीत. शुभांगीनं एक गाणं या बँडसाठी आणि कॉयरसाठी मिळून मांडलं होतं. सांगलीच्या कार्यक्रमात ते शेवटी होणार होतं.

गाणं जर्मन, ते असं: रात्री एक मुलगी नदीकाठी येते. तिला पलीकडं जायचं आहे. ती नावाड्याच्या दारावर दोन थापा मारते. थोडा वेळ काहीच होत नाही. मग ती हाक मारते. त्या दोन थापा म्हणजे बँडच्या मोठ्या ड्रमवर दोन ठोके. त्यानंतर क्षणभर शांतता, आणि मग कॉयर आणि बँड दोन्ही एकदम सुरू होतात.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. आप्पांची माणसं उभी राहिली. बसून वाजवणं त्यांना पटतच नाही. मोठा ड्रम इस्माईल चाचांकडं. हे आप्पांच्याच पलटणीतले, आता मुलाचं कपड्यांचं दुकान बघतात. गाणं सुरू झालं. मला संगीत कळत नाही, पण अंगावर काटा आला हे खरं. मग चाचांनी दोन ठोके मारले आणि बँड खाडकन बंद पडला. नऊच्या नऊ माणसांनी एकाच झटक्यात वाद्यं खाली घेतली, टाचा जुळवल्या आणि सावधानमध्ये उभी राहिली.

कॉयरनं अर्धी ओळ म्हटली आणि तोही थांबला.

शुभांगीच्या लक्षात लगेच आलं. माझ्या आलं नाही, म्हणून नंतर आप्पांनी सांगितलं ते इथं लिहितो. फौजी बँड चालत चालत वाजवतो. मागच्याला पुढचा दिसत नाही, म्हणून थांबायची खूण कानानं घ्यायची. मोठ्या ड्रमवर लागोपाठ दोन जोरदार ठोके पडले की धून संपवायची आणि सावधान. यात विचार करायचा नसतो.

"आप्पा, हे दोन ठोके म्हणजे थांबा नाही," शुभांगी म्हणाली. "ती दार वाजवतेय."

"समजलं," आप्पा म्हणाले. "काय रं, समजलं न्हवं?"

"जी," आठ जण म्हणाले.

परत सुरू. परत दोन ठोके. परत सावधान.

कॉयरमधल्या बायका हसायला लागल्या. आमचे सैनिक हसले नाहीत. इस्माईल चाचा घामाघूम झाले. "शुभाबेटी, डोकं म्हणतंय चल, पाय म्हणत्यात थांब. तीस वरसं पायानंच ऐकलंय."

"त्यो ठोका एकच ठिव की," तात्या मांडवाच्या खांबाला टेकून म्हणाले. "दाराला दोनदा कशाला बडवायचं? नावाडी बहिरा हाय का?"

त्या दिवशी पाचदा झालं आणि पाचही वेळा बँड थांबला. डीटर मागच्या ओळीत हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या आजूबाजूचे सातआठ जण त्याच्याकडं बघत होते, आणि मी त्यांच्याकडं. त्यांच्या भाषेतलं मला अक्षर कळत नाही, पण भुवया सगळीकडं सारख्याच उचलल्या जातात.

जेवायला पिठलं, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, दही. ठेचा मी मुद्दाम वाढू दिला नाही. गुड्रूनबाईंनी शेजारच्या ताटातला मागून घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत मागितला. जेवण झाल्यावर मी माणसं मोजली तर छत्तीस. परत मोजली, छत्तीस. रस्ता महामार्गाचा, माणूस सत्तरीचा, मोबाईल बसमध्ये. मी पुलापर्यंत पळत गेलो आणि परत आलो. तो माणूस एसटी थांब्याजवळच्या सलूनमध्ये तोंडाला फेस लावून बसला होता. भोवती पाच माणसं उभी राहून न्हाव्याला सूचना देत होती. "बारीक धर रं, पाव्हणा हाय." न्हाव्यानं पैसे घेतले नाहीत. पाहुण्याला ते कळेना. त्याला वाटलं दाढी बिघडली.

कुपवाड

दुसऱ्या दिवशी पाहुणे आमच्या फौंड्रीच्या कॅन्टीनमध्ये. मालकांनी तालमीसाठी शनिवारची दुपार दिली. आप्पांची माणसं उंब्रजहून जीप करून आली. पहिल्या पाळीची पोरं दुचाकी काढायच्या ऐवजी खिडक्यांना लटकून बघत उभी राहिली.

इथं शुभांगीनं एक तोड काढली. तिनं चाचांना सांगितलं, की पहिला ठोका जोरात आणि दुसरा हलका मारा, जणू मुलीला दुसऱ्यांदा भीती वाटली. दोन्ही सारखे नसले की पायांना फौजेची आठवण येणार नाही. तसं झालं. शांततेनंतर बँड पुढं वाजू लागला. तीनदा केलं, तीनदा बरोबर आलं. खिडकीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

सगळे खूश झाले. मी झालो नाही. तीनदा बरोबर आलं म्हणून चौथ्यांदा येईलच असं मी तरी कधी धरत नाही.

चहाच्या वेळी डीटर माझ्याजवळ आला. त्याचं इंग्रजी तोकडं, माझंही तोकडं, त्यामुळं आमचं छान जमलं. तो म्हणाला, ते दोन ठोके काढून टाका. बहिणीला सांगा. पुलात एक जागा कच्ची आहे हे माहीत असेल तर तिच्यावर गाडी नेऊन बघायची नसते.

मी तिला सांगितलं. ती कागदांवर खुणा करत होती.

"दादा, दार वाजवलंच नाही तर ती हाक कुणाला मारणार?"

"अगं, लोकांना काय कळतंय त्यातलं. आजची रात्र काढ. उद्या सकाळी मतदान आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली. "मतदान आहे म्हणून ठोके काढले, तर मला नेमून त्यांना काय मिळणार?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि हात पदराखाली घ्यावा तसा शालीत घेतला.

सांगली

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात, त्याच संध्याकाळी सहाला. त्याआधी पाहुण्यांना कृष्णेचा घाट दाखवला आणि भडंग खायला घातलं. एका बाईनं भडंगातली लसणाची पाकळी वेगळी काढून रुमालात बांधली, घरी लावून बघते म्हणाली. तळलेला लसूण उगवत नाही हे तिला सांगायचं माझ्यानं झालं नाही.

सभागृह भरलं. पुढच्या तीन ओळींत आप्पांनी बोलावलेले माजी सैनिक आणि त्यांची कुटुंबं. रंगमंचावर मागं कॉयर, उजवीकडं व्हायोलिनवाले, डावीकडं आप्पांचा बँड. काळे ब्लेझर, छातीवर पदकं, डोक्यावर बेरेट टोप्या. कॅन्टीनमध्ये हीच माणसं साध्या शर्टात होती. तो फरक माझ्या लक्षात आला आणि मी इस्माईल चाचांकडं बघितलं. पण आता सांगणार कुणाला?

कॉयरची आधीची गाणी चांगली झाली. लोक प्रत्येक कडव्यानंतर टाळ्या वाजवत होते, पाहुणे दचकत होते, पण सवय झाली. मग शेवटचं गाणं. शुभांगीनं मराठीत दोन वाक्यांत मुलीची आणि नावाड्याची गोष्ट सांगितली आणि पाठ फिरवली.

मी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसलो होतो. ती जागा जवळ यायला लागली. मला सूर कळत नाहीत, पण इस्माईल चाचांचा उजवा हात कळत होता. तो वर गेला. पहिला ठोका. दुसराही तसाच, पुऱ्या ताकदीनं.

नऊ वाद्यं खाली आली. नऊ जोड टाचा जुळल्या. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

शुभांगीचे हात हवेत होते. गाण्यात तिथं शांतता लिहिलेलीच होती, म्हणून लोकांना काही कळलं नाही. पण ती शांतता आता लिहिलेल्यापेक्षा लांबत होती. मला डीटरचा चेहरा दिसत होता. आप्पा समोर बघत होते, आणि त्यांचा जबडा हलत होता. त्यांना कळलं होतं. पण एकदा थांबल्यावर हुकमाशिवाय फौजी बँड सुरू होत नाही, आणि हुकूम देणारी त्यांची मुलगी होती.

तिनं हुकूम दिला नाही. उजवा हात खाली सोडला. डावा तळहात उताणा करून कॉयरकडं नेला, अगदी सावकाश, लहान मुलाला पाणी द्यावं तसा. आणि कॉयरनं हाक मारली. ड्रम नाही, व्हायोलिन नाही, पियानो नाही. बत्तीस माणसं नुसत्या गळ्यानं, चार वेगवेगळ्या सुरांत. टेकायला काहीच नव्हतं, आणि तरी कुणी पडलं नाही. व्हायोलिनवाल्यांनी गज मांडीवर ठेवले. बँड तसाच सावधानमध्ये.

पुढच्या ओळीत एक निवृत्त सुभेदार बसले होते. पदकं लावलेली नऊ माणसं सावधान उभी आहेत आणि गंभीर गाणं चालू आहे, हे त्यांनी पाहिलं. ते उठले आणि टाचा जुळवून उभे राहिले. त्यांच्या शेजारचे उठले. मग ती ओळ, मग पुढच्या तिन्ही ओळी, मग मागून खुर्च्यांचा खडखडाट होत सगळं सभागृह.

माझी बायको मला कोपरानं ढोसत म्हणाली, "आवं, उठा की. सगळी उठली."

"कशासाठी?"

"मला काय म्हाईत. उठा."

मी उठलो. सावधानमध्ये मोबाईल धरता येत नाही, म्हणून लोकांनी ते खिशात टाकले. त्यामुळं त्या पाच मिनिटांचं चित्रण कुणाकडंच नाही. जर्मन नावाड्याच्या गाण्याला सांगलीची माणसं राष्ट्रगीतासारखी उभी होती. तिकडं कॉयरला वाटत होतं, की हा आपला सन्मान. त्यांच्याकडं उभं राहून ऐकणं ही शेवटची दाद समजतात. बायका गाता गाता डोळे पुसत होत्या. पुसू नयेत असं मला वाटत होतं, कारण डोळे पुसताना शुभांगी दिसणार नाही.

गाणं संपलं. टाळी नाही. सावधानमध्ये कोण टाळी वाजवणार? पाहुण्यांचे चेहरे उतरायला लागले. तेवढ्यात मागून कुणीतरी "भारतमाता की" म्हणालं आणि सगळ्यांनी "जय" म्हटलं. कॉयरनं वाकून नमस्कार केला.

मागच्या खोलीत इस्माईल चाचा ड्रमवर डोकं टेकून बसले होते. "ब्लेझर अंगात आला आन् हात पलटणीचा झाला. पोरीचं वाटोळं केलं म्या."

"गप," आप्पा म्हणाले. "खूण पडली, थांबलो. न थांबता ती पुढं गेली. ज्यानं त्यानं आपापलं काम केलं."

हे बोलताना त्यांनी शुभांगीकडं पाहिलं नाही.

पुन्हा कुपवाड

मतदान आमच्या घराच्या गच्चीवर ठेवलं होतं, कारण सकाळचे पोहे तिथंच होते. बत्तीस जण वर गेले. कंडक्टरनं मतदानाच्या वेळी तिथं थांबायचं नसतं. शुभांगी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. आप्पा रात्री आमच्याकडंच राहिले होते, ते पाटावर बसले होते. बायको उगाचच कोथिंबीर निवडत होती. वरून खुर्च्या सरकल्याचा आवाज यायचा, मग एकटा पुरुषी आवाज, बराच वेळ.

"डीटर," शुभांगी म्हणाली.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"ऐकू येत नाही."

मग बायकांचे आवाज, एकावर एक. मग काहीच नाही. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात बावीस माणसं निवडायला लागलो. ठेचा खाणाऱ्या, लसूण बांधून घेणाऱ्या, दाढी करून घेणारा. सतरापर्यंत आलो आणि पुढं चेहरे आठवेनात. हिला परत यावं लागलं तर? आणि नाही यावं लागलं तर? दोन्हीकडून भीतीच वाटत होती, आणि ती हिला दिसू नये म्हणून मी गॅसची नळी तपासत बसलो.

गुड्रूनबाई एकट्याच खाली आल्या. स्टूल ओढून बसल्या. शुभांगीचा हात धरून हळू काहीतरी बोलल्या. शुभांगीनं मान हलवली आणि तशीच उभी राहिली. मला धीर निघेना.

"शुभे, बोल की."

"चोवीस," ती म्हणाली. "चोवीस बाजूनं, आठ विरोधात."

बायकोनं कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. मी बाहेर गेलो आणि माठातलं पाणी प्यायलो.

बसमध्ये बॅगा चढत असताना डीटर माझ्याकडं आला, शुभांगीला सोबत घेऊन. तो जे बोलला ते तिनंच मला मराठीत सांगितलं. "तो म्हणतो, मी विरोधात मत दिलं. काल जे झालं ते ठरवलेलं नव्हतं हे मला कळलं. ती घाबरली नाही, हे मी वर सगळ्यांना सांगितलं. पण कच्ची जागा माहीत असून तिनं गाडी नेली, म्हणून नाही म्हटलं."

त्यानं माझा हात घट्ट दाबला, मग तिचा. दोघं एकमेकांशी काहीतरी बोलले आणि दोघंही हसले. आमच्याकडं सरपंचाची निवडणूक झाली की विरोधात मत टाकलेला प्रत्येक जण येऊन सांगतो, "मत तुमालाच हुतं." चोवीस मतांपेक्षा या एका माणसाच्या विरोधानं मला बहिणीच्या तिथल्या आयुष्याची जास्त कल्पना आली.

ती आप्पांच्या पाया पडायला वाकली.

"म्हंजे पास झालीस," आप्पा म्हणाले.

"हो आप्पा. या वेळी करार पाच वर्षांचा."

"पाच." त्यांनी बोटं मोजली नाहीत, पण मनात हिशेब केला हे मला कळलं. अठ्ठ्याहत्तर आणि पाच. मीही तीच बेरीज त्याच क्षणी केली होती, आणि ती तिनंही केली असणार.

"मग मलाबी एक्स्टेन्शन मागावं लागतंय," आप्पा म्हणाले. "जा. बस थांबलीया तुझ्यासाठी."

बाळूनं हॉर्न दिला. मी पायरीवर चढून माणसं मोजली. सदतीस आणि एक. खाली उतरलो, दार ओढून घेतलं.